एमओयू राहू द्या, आधी कंपनीचं एक अडलेलं काम करून द्या

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुम्ही नागपुरात फार्मसी कॉलेजला शिकवता, तुमच्या एम.फार्म.च्या विद्यार्थिनीने संत्र्याच्या सालीतून हेस्पेरिडिन हे औषधी द्रव्य काढून त्याची पाण्यात चांगली विरघळणारी पावडर केली, रिझल्ट चांगले आले, तीन वर्षांत पाच कंपन्यांशी एमओयू (सामंजस्य करार) झाले, फोटो निघाले, पेपरात बातमी आली, आणि नंतर एकाही कंपनीचा फोन नाही. आता डिसेंबरच्या कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचंय आणि त्याआधी कोणाशी तरी खरा टायअप कसा करायचा हे विचारताय.

मी अकरा वर्षं कंपनीत अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंटला होते आणि गेली तेरा वर्षं शिक्षणसंस्थेत इंडस्ट्रीची कामं बघते, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिलं सांगते ते हे की एमओयू हा सुरुवातीचा कागद नाहीच. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला तो लागतो, ते मला कळतं, आपल्यालाही पॉइंट्स हवे असतात. पण त्या कागदावर 'उभय पक्ष संशोधनात सहकार्य करतील' एवढंच असतं, कोण काय करणार, किती दिवसांत, पैसे कोण देणार, काहीच नाही. कंपनीकडून सही करायला एचआरचा माणूस येतो, आणि आर अ‍ॅण्ड डीच्या मॅनेजरला असा एमओयू झालाय हे माहीतसुद्धा नसतं. तो बिचारा चार प्रॉडक्टच्या फायलिंगच्या (मंजुरीच्या अर्जांच्या) तारखा डोक्यावर घेऊन बसलेला असतो. त्याचं अडलेलं काम तुमच्याकडून झालं तरच त्याला तुमचं नाव आठवेल, दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

आता आपल्याकडच्या कंपन्यांना काय लागतं ते बघा. मिहानमध्ये ल्युपिनचा प्लांट आहे, कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज आहे, हिंगणा-बुटीबोरीत लहान-मोठे कितीतरी युनिट आहेत, आणि ह्यातले बहुतेक फॉर्म्युलेशनवाले, म्हणजे माहीत असलेल्या औषधाची गोळी-कॅप्सूल बनवणारे. त्यांना नवा मॉलिक्यूल नको असतो सर. आपण प्रेझेंटेशन घेऊन जातो 'आमच्या एक्स्ट्रॅक्टला अँटिऑक्सिडंट, अँटिइन्फ्लमेटरी, अँटिकॅन्सर सगळी अ‍ॅक्टिव्हिटी आहे' आणि ते चहा पाजून परत पाठवतात. त्यांची झोप उडवणारे प्रश्न वेगळे असतात, डिझोल्युशन फेल होतंय, म्हणजे गोळी ठरल्या वेळात विरघळत नाहीये, स्टॅबिलिटीत, म्हणजे औषध किती टिकतं ते बघताना, एक अनोळखी इम्प्युरिटी वर येतेय, आणि २०१८ मध्ये वलसार्टन ह्या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे कॅन्सरचा धोका असलेलं द्रव्य सापडल्यापासून त्याच्या गटाची, म्हणजे नायट्रोसामाइनची, तपासणी तर सगळ्यांच्याच मागे लागलीय, त्याला एलसी-एमएस हे सूक्ष्म अंश मोजणारं मशीन लागतं आणि लहान युनिटकडे ते नसतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण आमची पहिली खरी पार्टनरशिप त्यातूनच झाली. एका लहान कंपनीचं सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूलचं प्रॉडक्ट होतं. ४० डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटीला ठेवलं की पहिल्या महिन्यात पास, तिसऱ्या महिन्यात डिझोल्युशन फेल. त्यांचा मॅनेजर आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचा बॉस, त्या मुलाने फोन केला, 'मॅडम, जरा बघता का, इथे सगळे अस्सेवरच (औषधाचं प्रमाण मोजण्यावरच) शंका घेऊन राहिले.' आम्ही काही मोठं केलं नाही. आमच्या पोट्टीने डिझोल्युशन मशीनच्या सहा भांड्यांत सहा कॅप्सूल टाकल्या आणि मशीन सोडून निघून जाण्याऐवजी ती पाऊण तास नुसती बघत बसली. आतलं औषध पातळ झालेलं, पण वरची पातळ पारदर्शक पिशवी फुगून तशीच लटकलेली, फुटतच नव्हती. तिने तिथेच ओळखलं की जिलेटिन क्रॉसलिंक झालंय, म्हणजे त्याचे धागे एकमेकांना बांधले जाऊन ते विरघळेनासं झालंय. मग अ‍ॅसिड माध्यमात पेप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, घालून तेच परत केलं तर पिशवी विरघळली आणि औषध पूर्ण बाहेर आलं, म्हणजे औषध ठीक, त्याचं प्रमाण ठीक, दोष कवचात. कारण शोधत गेलो तर आत भरलेल्या पीईजी ह्या द्रावकाच्या एका सप्लायरच्या लॉटमध्ये अल्डिहाइड जास्त निघालं, तेच जिलेटिनला बांधून टाकत होतं. सप्लायर बदलला, प्रश्न संपला. पाच आठवड्यांचं काम, ८५,००० रुपयांचं बिल. त्याच कंपनीने दोन वर्षांनी आमच्या एका पीएच.डी.च्या मुलाची पूर्ण फेलोशिप दिली, आणि तेव्हा एमओयूची आठवण कोणालाच झाली नाही, सरळ कामाचा करार झाला.

तर आत शिरायचं कसं, तर माजी विद्यार्थ्यांकडून. आपल्या विद्यापीठाच्या फार्मसी विभागातून, एलआयटीतून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), तुमच्या कॉलेजातून शिकलेली पोरं प्रत्येक एमआयडीसीत आहेत, क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत), एडीएलमध्ये (चाचणीच्या पद्धती बसवणाऱ्या लॅबमध्ये), प्रॉडक्शनला. एमडीच्या अपॉइंटमेंटमागे लागू नका. अशा एखाद्या मुलाला फोन करा, त्याच्या मॅनेजरला अर्धा तास भेटायचंय म्हणा, आणि तिथे गेल्यावर स्वतःच्या रिसर्चबद्दल बोलू नका. फक्त विचारा, 'यंदा कोणत्या बॅचने सगळ्यात जास्त त्रास दिला?' मग गप्प बसून ऐका आणि वहीत लिहा. अशा दहा भेटींतून दोन कामं निघतात, माझा तरी अनुभव असा.

पण त्याआधी तुमची लॅब त्या माणसाने बघावी अशी आहे का, हे स्वतःला विचारा. हे मी दुखरं बोलते आहे, माफ करा, पण इथेच आपण सगळ्यात जास्त मार खातो. एकदा एका कंपनीच्या क्यूए, म्हणजे गुणवत्तेची हमी बघणाऱ्या, मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही फुलं, बॅनर, नाश्ता सगळं ठेवलेलं. त्या सरळ वजनकाट्याजवळ गेल्या, कॅलिब्रेशनचं स्टिकर बघितलं, तारीख सात महिने उलटलेली. मग एचपीएलसी ह्या पृथक्करणाच्या मशीनचं लॉगबुक उघडलं, दोन पानं चाळली, मधे अकरा दिवसांच्या नोंदी नव्हत्या आणि एका जागी खोडून वर लिहिलेलं होतं. त्यांनी लॉगबुक अलगद मिटलं, छान हसून 'लॅब चांगली आहे' म्हणाल्या आणि परत कधी आल्या नाहीत. त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांच्याकडे इन्स्पेक्टर येतो तेव्हा प्रत्येक आकडा कोणी, कधी, कोणत्या मशीनवर काढला ते दाखवावं लागतं, आणि आपला आकडा तसा दाखवता येत नसेल तर तो त्यांच्या कामाचा नाही. आम्ही नंतर सहा महिने दुसरं काही केलं नाही, फक्त लॉगबुक, कॅलिब्रेशन, स्टँडर्डच्या बाटल्यांवरच्या तारखा आणि कच्चा डेटा एका जागी ठेवणं. त्याला फार पैसे लागले नाहीत, शिस्त लागली.

अजून एक, कॉलेजच्या लॅबचा रिपोर्ट बॅच बाजारात सोडण्यासाठी चालत नाही. उत्पादकासाठी तशी तपासणी करायला औषध नियमांनुसार फॉर्म ३७ ची मान्यता लागते. आपण 'का होतंय' ह्याचा शोध घेऊ शकतो, 'पास' असा शिक्का मारू शकत नाही. हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा, समोरच्याला बरं वाटतं की ह्यांना मर्यादा माहीत आहे.

आता कागदांकडे येते, कारण काम सुरू झालं की भांडणं कागदावरूनच होतात. पहिला कागद गोपनीयतेचा, दोन पानी, त्याच्याआधी सॅम्पलही घेऊ नका आणि तुमचा डेटाही दाखवू नका. मग कामाचा करार. त्यात मी चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघते. आधीपासून जे तुमचं आहे ते तुमचंच राहील, आणि जे एकत्र निघेल ते कोणाचं, हे नाव-गाव लिहून. दुसरं, प्रकाशन. कंपनीला पेपर आधी वाचायला ३० ते ६० दिवस द्या, पेटंट करायचं असेल तर अजून थोडे दिवस द्या, पण 'कंपनीच्या परवानगीशिवाय प्रकाशन नाही' एवढंच वाक्य असेल तर सही करू नका, कारण तिथे एका विद्यार्थ्याचा थिसिस अडकतो आणि त्या पोराची फेलोशिप संपत आलेली असते. तिसरं, पेटंटचा खर्च कोण भरणार आणि वर्षानुवर्षं फी कोण भरत राहणार. चौथं, कंपनीने लायसन्स घेऊन दोन-तीन वर्षं काहीच केलं नाही तर हक्क परत विद्यापीठाकडे यायला हवेत. हे चौथं बहुतेक लोक विसरतात आणि मग चांगलं काम कंपनीच्या कपाटात पडून राहतं, मी असं एक काम पडून राहिलेलं बघितलंय, आजही वाईट वाटतं.

सहभाग लिहून ठेवणं किती महत्त्वाचं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोव्हॅक्सिनचं आहे. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), पुण्याची विषाणू संस्था एनआयव्ही आणि भारत बायोटेक ही कंपनी ह्यांनी मिळून लस केली, नेट सेल्सवर ५ टक्के रॉयल्टी आयसीएमआरला मिळेल असं ठरलं होतं, म्हणजे पैशाची बाजू लिहिलेली होती. तरी सुरुवातीच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचं नाव नव्हतं, २०२४ मध्ये त्यावर चर्चा झाली, कंपनीने ते अनवधानाने झालं असं सांगितलं आणि आयसीएमआरला सहमालक म्हणून जोडलं. एवढ्या मोठ्या संस्थांमध्ये असं होऊ शकतं, तर आपल्या करारात इन्व्हेंटर कोण आणि अर्जदार कोण हे पहिल्या दिवशी लिहायला लाजू नये.

ह्याच्या उलट रोटाव्हॅक ही लस बघा. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात लक्षात आलं की काही नवजात बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग आहे पण जुलाब नाहीत, तिथून ११६ई हा स्ट्रेन मिळाला. मग जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशातल्या संस्था, भारत बायोटेक, सगळे जोडले गेले, दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूला मिळून ६,७९९ बाळांवर ट्रायल झाली आणि २०१५ मध्ये लस बाजारात आली. म्हणजे साधारण तीस वर्षं. आणि डोस एक डॉलरच्या आसपास ठेवायचा हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून ती गरिबाच्या बाळापर्यंत गेली. किंमत हीसुद्धा सुरुवातीला ठरवायची गोष्ट आहे हे मी तिथून शिकले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून निघालेली नेक्सकार१९ ही कॅन्सरवरची कार-टी थेरपी अजून वेगळा रस्ता दाखवते, तिथे आधी कंपनी शोधली नाही, इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनीच आयआयटीतून उभी केली आणि २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

पैशाचं थोडक्यात. टेस्टिंग-कन्सल्टन्सीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरून कोटेशन द्या, नाहीतर तो तुमच्याच फंडातून जातो. स्वतःची कल्पना कंपनीच्या रूपात उभी करायची तर बायरॅक ह्या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग ग्रँट आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. कॉलेजने शोधलेलं कंपनीकडून तपासून घ्यायचं असेल तर त्यांचीच कॉन्ट्रॅक्ट रिसर्चची स्कीम आहे, ती आपल्यासारख्यांसाठी जास्त बरी. आणि ऑफिसला आधीच विचारून ठेवा की बाहेरून आलेला पैसा कोणत्या खात्यात जाईल, त्यातून केमिकल घ्यायला किती सह्या लागतील. आमच्या एका कामात कंपनीचा चेक वेळेत आला आणि एचपीएलसीचा कॉलम विकत घ्यायची फाइल चार महिने फिरली. कंपनीला चार महिने ही गोष्ट समजावून सांगता येत नाही.

फार्मावरच अडकूही नका. नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, पर्यावरणावर काम करणारी नीरी आहे, अंकुरसारखी बियाण्यांची कंपनी इथलीच. आणि सिकलसेल. विदर्भात सिकलसेलचे पेशंट इतके आहेत की त्यावरचं निदान, औषध, फॉलोअप, ह्यात कंपनीला आपल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फक्त हात जोडून सांगते, फ्रीजरमध्ये जुन्या थिसिसची रक्ताची सॅम्पल पडली आहेत म्हणून ती कंपनीला देऊ नका. ती देणाऱ्या माणसाने 'विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी' म्हणून हात पुढे केला होता, कंपनीसाठी नाही. एथिक्स कमिटीकडे परत जा, नव्याने संमती घ्या. तसंच गडचिरोली-मेळघाटातल्या वनस्पतींचं, तिथे जैवविविधता कायदा लागतो, पेटंटच्या आधी राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावं लागतं, आणि ज्या गावाने ते झाड ओळखून दिलं त्यांचा वाटा करारात असायला हवा.

आता तुमच्या पावडरकडे. कल्पना मला आवडली, खरंच. काटोल-नरखेड-वरुडकडे साल वाया जाते आणि हेस्पेरिडिन पाण्यात नीट विरघळत नाही हा खरा प्रश्न आहे. पण हेस्पेरिडिन स्वतः जुनं, माहीत असलेलं. त्याच्यावर पेटंट मिळणार नाही, मिळालंच तर तुमच्या प्रक्रियेवर किंवा फॉर्म्युलेशनवर, आणि त्यासाठी साध्या मिश्रणापेक्षा जास्त काय होतं ते आकड्यांत दाखवावं लागेल. गोळीवाल्या कंपनीपेक्षा न्यूट्रास्युटिकलवाले, म्हणजे पोषणपूरकं बनवणारे, तुमचे गिऱ्हाईक आहेत. ते पहिल्या दहा मिनिटांत काय विचारतील ते सांगते. संत्र्याच्या दोन हंगामांच्या, म्हणजे आंबिया बहाराच्या आणि मृग बहाराच्या सालीत हेस्पेरिडिन किती वेगळं येतं? कच्च्या फळात जास्त असतं, मग तुम्ही साल कोणत्या टप्प्याची घेतली? सालीवर फवारणीचे अंश किती? ५०० किलो साल आणायची कुठून आणि वाळवेपर्यंत तिला बुरशी लागत नाही कशावरून? किलोमागे सॉल्व्हंटचा खर्च किती? ह्यातलं एकही उत्तर नसलं तर अँटिऑक्सिडंटचे दहा ग्राफ असून उपयोग नाही, आणि ह्यातली तीन उत्तरं असली तर तो माणूस खुर्ची पुढे ओढेल. दोन बहारांची साल घेऊन तुलना करायला तुम्हाला एक हंगाम लागेल, तेवढा द्या. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संस्थेत जाऊन बोला, फळाचं ज्ञान त्यांच्याकडे आहे.

आणि ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट. आमच्याकडे एका मुलाचं पोस्टर पेटंट अर्जाच्या सहा आठवडे आधी लागलं होतं, स्मरणिकेत पूर्ण पद्धत छापलेली, रसायनाच्या प्रमाणासकट. अर्जाआधी छापलं की ते पेटंटसाठी नवं राहत नाही, म्हणून परदेशात पेटंट घ्यायचा विचार होता तो तिथेच संपला, आणि भारतातली सूट इतकी अरुंद की वकिलाने मान हलवली. बायोटेक उद्योग ज्याच्यावर उभा राहिला त्या, जनुकं जोडायच्या पद्धतीवरच्या कोहेन-बोयर पेटंटचंही असंच झालं होतं. पेपर १९७३ मध्ये छापून आला, अमेरिकेत एक वर्षाची सवलत होती म्हणून स्टॅनफर्डने १९७४ मध्ये मुदतीच्या काही दिवस आधी अर्ज केला आणि पुढे कोट्यवधी डॉलर मिळवले, पण अमेरिकेबाहेरचे हक्क गेले ते गेलेच. आपल्याकडे प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटच्या तात्पुरत्या, अर्जाची ऑनलाइन फी शिक्षणसंस्थेला १,६०० रुपये आहे, २०२१ पासून मोठी सवलत मिळते, आणि पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने असतात. तेवढ्या वेळात दोन्ही बहारांचा डेटाही होऊन जाईल.

तेव्हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट अजून पाठवलं नसेल तर आज थांबवा. प्रोव्हिजनल गेला की दुसऱ्या दिवशी खुशाल पाठवा. आणि जिचं हे काम आहे त्या मुलीला समोर बसवून कारण नीट सांगा, तिला वाटेल सर माझं कॉन्फरन्स अडवून राहिले. अर्जाचा ड्राफ्ट उघडा आणि इन्व्हेंटरच्या रकान्यात तिचं नाव तिलाच लिहू द्या.